आतला खंदक

५ ऑक्टोबर

धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "मीटिंगमध्ये आहे, ताई" म्हणून ठेवून देतोस. तेव्हा आता कागद. कागदाला मीटिंगचं कारण सांगता येत नाही. पाकीट न फोडता टाकून द्यायचं असेल तर दे, पण तुझ्याच्यानं ते व्हायचं नाही. लहानपणी माझ्या मैत्रिणींची पाकिटं वाफेवर धरून उघडणारा तूच.

बाबा बरे आहेत. तू विचारलं नाहीस, मी आपलं सांगते. छातीचं दुखणं निघालं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. बाबांना चाला म्हटलं की ते चालत नाहीत, मोजतात. पहिला आठवडाभर मी आमच्या गल्लीच्या उताराबद्दल ऐकलं. नगरपालिकेनं गटार उलट्या उतारानं बांधलंय म्हणे. नाक्यावरच्या प्रत्येक दुकानदाराला हे जातीनं सांगून आले. शेवटी मी हात टेकले आणि सुट्टीच्या दिवशी त्यांना गावाबाहेर न्यायला लागले. तिथे निदान गटारं नाहीत.

शेवटच्या बसथांब्यापुढे कच्चा रस्ता लागतो, मग बंद पडलेली दगडखाण, मग नुसता माळ. त्या माळावर मातीचा एक गोल बांध आहे. आजूबाजूची माणसं त्याला 'कडं' म्हणतात. दोन पुरुष उंच, वरून गवत वाढलेलं, आणि आत जायला एकच वाट. कित्येक हजार वर्षांपूर्वीचा आहे यावर शिकलेल्यांचं एकमत आहे. कशासाठी केला यावर भांडण. तसा फलकच लावलाय तिथे, अर्धा गंजलेला.

बाबा धापा टाकत बांधावर चढले. खाली बघितलं आणि एकदम गवतात बसकण मारली. मला वाटलं छातीत दुखतंय.

"खंदक आत आहे," ते म्हणाले.

"मग?"

"अगं, बाहेरच्याला आत येऊ द्यायचं नसेल तर खंदक बांधाच्या बाहेर खणतात. मी जन्मभर मातीकामं केली. इथे बांध बाहेर आणि खंदक आत. हे आतल्याला बाहेर पडता येऊ नये म्हणून केलंय."

"गुरं कोंडत असतील," मी म्हटलं.

"असतील."

त्यांचं हे 'असतील' तुला माहीत आहे. आपण प्रगतिपुस्तक हरवलं म्हणून सांगायचो तेव्हाचं.

तिथे एक शेळ्यावाली बाई असते. बाबांनी तिला विचारलं, आत कधी काही दिसतं का? ती म्हणाली, "दिसतं की. तुमच्यासारखी माणसं दिसतात. हवा खायला येतात आन कागद टाकून जातात." मला बाई आवडली.

एक गोष्ट सांगू की नको असं झालंय, पण सांगते. काल बाबांनी माळ्यावरून त्यांची मोजणीची दुर्बीण उतरवली. आई गेली त्या दिवसापासून तिला कोणी हात लावला नव्हता. डोळे बारीक करून तिचं पितळ न्याहाळत, फडक्यानं पुसत बसले होते. मी आपली चहा ठेवायला गेले. तू असतास तर बोलला असतास.

तुझी ताई


१९ ऑक्टोबर

धाकट्या,

उत्तर नाही. ठीक आहे. मला दिवसभर दुसऱ्यांचे दात घडवायची सवय आहे. तोंड बंद ठेवणाऱ्यांशी कसं वागायचं ते मला कळतं.

आम्ही कडं मोजतो आहोत. हसू नकोस. आईची जागा माझ्याकडे आली आहे, म्हणजे आकडे रंगवलेली ती उंच पट्टी धरून उभं राहायचं. तू त्या दोघांबरोबर कामावर जायचास, तुला हे पाठ आहे. मी प्लास्टर आणि मेणात हात घालणारी बाई, मला सगळं नव्यानं शिकावं लागलं. बाबा तिपाईवरच्या दुर्बिणीत बघणार, मी समोर मातीत ठोकलेल्या खुंटीवर पट्टी टेकवून उभी राहणार. त्यांनी हात वर केला, तळवा पुढे, की मी पुतळा. हात खाली आला की झालं, पट्टी उचलायची आणि त्यांच्याकडे यायचं. असं खुंटीखुंटीनं खंदकाच्या कडेनं वळसा घालून परत पहिल्या खुंटीवर. निघताना त्या खुंटीची जी उंची असेल तीच परतल्यावर यायला हवी. खुंटी तर जागची हललेली नसते.

ती येत नाही. दरवेळी दोन बोटांचा फरक पडतो. कमी नाही, जास्त नाही, दोनच बोटं.

पहिल्या वेळी बाबांनी कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे पाहिलं. "पट्टी बुटावर धरलीस?"

"मी कशाला बुटावर धरू?"

"धरलीस. आईसारखी. आणि आता खोटं बोलतेस, तेही आईसारखंच."

मला आधी हसू आलं. आईची ती खोड मी विसरूनच गेले होते. संध्याकाळी पट्टीचा चिखल धुवायचं काम तिचं, म्हणून ओल्या मातीत ती पट्टी खाली टेकवायचीच नाही, आपल्या बुटाच्या टोकावर ठेवायची. काळे रबरी बूट, बायकांच्या मापाचे मिळेनात म्हणून शाळकरी मुलांचे घेतलेले. बाबा ओरडायचे, "तुझ्या बुटापायी कालवा उलटा वाहील!" ती म्हणायची, "मग चिखल तुम्ही धुवा." ते धुवायचे नाहीत, ती बुटावर धरायची. एवढाच त्यांचा संसार होता असं कधीकधी वाटतं, आणि चांगला होता.

पण धाकट्या, मी पट्टी बुटावर धरली नव्हती.

ताई


२ नोव्हेंबर

चूक कुठे आहे ते बाबांनी शोधून काढलं. कड्याचे तुकडे पाडून एकेक तुकडा वेगळा मोजला. सगळे बरोबर, एक सोडून. आत येण्याच्या वाटेच्या अगदी समोर, पलीकडे, खंदक जिथे सगळ्यात खोल आहे तिथली खुंटी. तिथे मी उभी राहिले की पट्टी दोन बोटं वर धरल्यासारखा आकडा येतो.

बाबा म्हणाले, पुन्हा. मी पुन्हा उभी राहिले. पुन्हा दोन बोटं. मग मला राग आला. तुला ठाऊकच आहे, माझा राग नाकावर असतो. मी बूट काढले, मोजे काढले आणि त्या गार ओल्या गवतात अनवाणी उभी राहिले. पट्टीचा खालचा भाग खुंटीच्या डोक्यावर नीट टेकवला, बोटांनी चाचपून बघितलं. मधे काही नव्हतं.

बाबांचा हात वर गेला. मी पुतळा झाले. तो हात खाली येईचना. मी ओरडले, "झालं का?" तर ते दुर्बिणीपासून बाजूला झाले आणि डोळे पुसायला लागले. दोन बोटं, तरीही.

मी खरं सांगते, मला भीती वाटली नाही. पाय मात्र इतके गार पडले की घरी येईपर्यंत बोटं दुखत होती. बसमध्ये बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांनी त्या दिवशी दाढी केली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. सुट्टीच्या दिवशी ते कधी दाढी करत नाहीत.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा," मी म्हटलं.

"मी तुझ्या आईला हात वर करून थांबवलं होतं," ते म्हणाले. "मग खणतीची माती तिच्यावर आली. हात मी खाली केलाच नाही. करायला वेळच मिळाला नाही. ती खुणेची वाट बघत असणार."

"मग करा खाली आता. एकदाचा करा."

"केला की ती येईल."

"येऊ द्या की. चांगलंच आहे."

"येईल आणि माझ्याकडे बघेल ना," बाबा म्हणाले. एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं, भर बसमध्ये. जन्मात कधी ठेवलं नव्हतं.

तू त्यांना जे बोललास ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही. आईला पोचवून आल्यावर, दारातच, सगळ्यांसमोर, "तुम्ही उभं केलंत म्हणून ती मेली." मग बॅग घेऊन निघून गेलास. मी तुला दोष देत नाही. म्हणजे देते, पण ते नंतर.

उत्तर दे. दोन ओळी चालतील.

ताई


१६ नोव्हेंबर

धाकट्या,

परिस्थिती बिघडली आहे. सरळ सांगते.

मागच्या रविवारी बाबांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. "आज तू दुर्बिणीवर," म्हणाले आणि स्वतः त्या खोल जागेच्या खुंटीवर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, त्यांना स्वतः खात्री करून घ्यायची असेल. मी तिपाईपाशी गेले, काचेला डोळा लावला. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. आकाश खाली, माती वर, आणि मातीला वटवाघळासारखे लटकलेले आपले बाबा. आकडा वाचला. दोन बोटं. मी हात वर केला, मग खाली केला.

ते आले नाहीत.

मी पुन्हा खूण केली. मग चालत गेले. "बाबा, झालं. चला."

"तुझ्या खुणेनं मी यायचा नाही."

"मग कोणाच्या?"

"मी आईला एकटीला उभी ठेवणार नाही. तिच्याजवळ उभा राहीन. आणि मला सोडवायचं का नाही ते ज्यानं मला जाब विचारला तो ठरवेल. त्यानं तिथून हात खाली केला तर येईन."

मी त्यांना हाताला धरून ओढलं. रडले, शिव्याही दिल्या. शेळ्यावाली लांबून बघत होती. ते हलले नाहीत. शेवटी दिवस बुडाला आणि पट्टीवरचे आकडे दिसेनासे झाले, तेव्हा आपणहून निघाले. आकडे दिसत नाहीत म्हणजे कामाची सुट्टी, हा त्यांचा नेम अजून आहे. तेवढीच कृपा.

आता ते रोज जातात. मी कामावर गेले की सकाळच्या बसनं. दुर्बीण वाटेपाशी मांडतात, तिच्यामागे कोणी नसतं. पट्टी घेऊन समोर जाऊन उभे राहतात, दिवस बुडेपर्यंत. परवा ओठ निळे पडून घरी आले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "असंच चाललं तर हा हिवाळा निघणार नाही." मी त्यांना कडं वगैरे काही सांगितलं नाही. म्हटलं, फिरायचा नाद आहे.

तेव्हा तू ये. एवढंच मागणं आहे. मिठी मारू नकोस, जेवायला थांबू नकोस, घरात पाऊल टाकू नकोस. बसथांब्यावर उतर, कड्याशी जा, दुर्बिणीमागे उभा राहा आणि एक हात खाली कर. मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

तुला भीती वाटत असेल तर सांगते, काचेतून मला वेगळं काही दिसलं नाही.

ताई


२४ नोव्हेंबर

मी खोटं लिहिलं होतं.

काचेत बूट दिसतो. बाबांच्या पायात तपकिरी कातडी बूट असतात. पट्टीच्या टोकाखाली मात्र काळा रबरी बूट असतो, छोटा, पुढे चीर पडून ठिगळ लावलेला. नुसता एक बूट आणि थोडी पोटरी. त्याच्या खाली, म्हणजे खरं तर वर, काही नाही, गवतच दिसतं. काचेवरून डोळा काढला की नाहीसा. पुन्हा लावला की तिथेच.

आणखी एक सांगते, मग तू मला काय म्हणायचं ते म्हण. मी आता मालकीणबाईंना खोटं सांगून दातांच्या प्रयोगशाळेतून लवकर निघते. बाबांना आणायला जाते असं स्वतःलाही सांगते. तिथे पोचले की बाबांकडे न जाता दुर्बिणीपाशी जाते आणि तो बूट बघत उभी राहते. कधीकधी तो टोकावर किंचित उचलतो, पाय अवघडला की आपण उचलतो तसा. मला तेवढ्यानं भरून येतं. बाबा समोर थंडीनं कुडकुडत असतात आणि मी आईचा बूट बघत उभी असते. त्यामुळे मी त्यांना सोडवू शकेन असं समजू नकोस. मलाच तिथून हलवायला कोणीतरी हवं आहे.

काल बाबा पडले. पट्टी हातात घट्ट होती, पडतानाही ती सरळ धरायचा प्रयत्न करत होते. शेळ्यावालीनं आणि मी मिळून उठवलं. ती मला म्हणाली, "म्हाताऱ्याला कुलूप लावून ठेव बाई. माझी एक शेळी अशीच रोज एका जागी जाऊन उभी राहायची. एक दिवस गेली." आज सकाळी मी घराला खरोखर कुलूप लावलं. ते मागच्या खिडकीतून उतरले, या वयात, त्या छातीनिशी.

आता तुला जो दोष द्यायचा होता तो देते. तू बाबांना म्हणालास, तुम्ही उभं केलंत म्हणून ती मेली. पण तुझा खरा राग त्या गोष्टीचा नाही. कालव्याच्या खणतीच्या भिंतीला तडा गेलेला तू पाहिलास, तू ओरडलास, "आई, पळ!" तिनं ऐकलं. मुकादमानं मला सांगितलंय, तिनं मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा बाबांच्या हाताकडे पाहिलं. हात वर होता. बाबांचा डोळा काचेला होता, त्यांना पट्टीवरच्या दोन आकड्यांपलीकडे जग दिसत नव्हतं. आणि ती थांबली. तू तिला बोलावलंस आणि ती आली नाही, हे तुला सहन होत नाही. तिच्यावर रागावता येत नाही म्हणून बाबांवर रागावलास.

मला हे सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मी मूग गिळून बसले, कारण मला वाटलं तू लहान आहेस, आपोआप निवळेल. तू आता लहान नाहीस.

ये रे. मी पाया पडते तुझ्या.

ताई


३ डिसेंबर

धाकट्या, माझ्या राजा,

तू आलास! सांगितलं नाहीस, घरी आला नाहीस, तरी आलास. मला कसं लिहावं कळत नाही.

काल मी कामावरून धावतपळत बसथांब्यावर गेले तर बाबा समोरून चालत येत होते. दिवस अजून बराच वर होता. खांद्यावर पट्टी. मला बघून म्हणाले, "खूण झाली. आलो." जसं काही पोस्टात जाऊन आले.

मी म्हटलं, "कोणी केली?"

"लांबून कोण ओळखू येतंय! दुर्बिणीपाशी माणूस उभा होता. बराच वेळ बघत होता. मग हात खाली केला, पूर्ण, नीट, कामावर करतात तसा. मी तिथपर्यंत पोचलो तर कोणी नव्हतं."

"दुर्बीण कुठे आहे?"

"राहू दे तिथेच. उद्या आण. मला भूक लागली आहे."

घरी येऊन पोटभर जेवले. दोनदा वाढून घेतलं. मग मोरीत बसून पट्टीचा चिखल स्वतः धुतला, सावकाश, कोपरे नखानं काढून. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला रडू आवरत नव्हतं. आज सकाळी बसची वेळ झाली तरी अंथरुणातच होते. मी विचारलं, "जायचं नाही?" तर म्हणाले, "आता कशाला?" आणि कूस बदलून झोपले. छाती अजून वाजते, पण डॉक्टर म्हणाले, ऊब आणि झोप मिळाली तर निभावेल.

त्यांना भेटला नाहीस याचा मला राग नाही. तुला जेवढं जमलं तेवढं तू केलंस, आणि ते थोडं नाही. मी आज सगळ्यांशी गोड वागते आहे. मालकीणबाईंनी विचारलं, लग्न ठरलं की काय. या वयात! मी म्हटलं, त्याहून मोठं काहीतरी झालंय.

तुझी, तुझी, ताई


८ डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र आज आलं. इतक्या वर्षांतलं पहिलं. पाकिटावर शिक्का तिकडचा आहे आणि तारीख बाबा परत आले त्याच दिवशीची आहे. मी दारातच उभी राहून वाचलं.

"ताई, मी येऊ शकत नाही. त्यांच्यासाठी माझा हात खाली येणार नाही. मी प्रयत्न केला, आरशासमोर उभा राहून करून पाहिला. येत नाही. पुन्हा लिहू नकोस."

म्हणजे तू आला नव्हतास.

खरं तर मला चार दिवसांपूर्वीच कळायला हवं होतं. मी दुर्बीण आणायला गेले होते. तिपाई वाटेपाशीच होती, पण तिचे पाय आत सरकवून, आवळून, पार आखूड केलेले. बाबा ताडमाड, तू त्यांच्यावर गेलेला, मीही उंचच. आपल्यापैकी कोणालाही त्या काचेत बघायला कमरेत वाकावं लागलं असतं. मला वाकावं लागलं. घरात आईएवढं बुटकं दुसरं कोणी नव्हतं. तरीही मी स्वतःची समजूत घातली की तू बसून पाहिलं असशील. माणूस स्वतःला काय काय पटवतो बघ.

शेळ्यावालीला विचारलं, त्या दिवशी कोण आलं होतं? ती म्हणाली, "कोणी आलं न्हाई. मी दिवसभर वाटेतच बसले होते. आत जायचं तर माझ्यावरूनच जावं लागतं. आतनं मात्र तुझा बाप आला, हसत."

"एकटाच?"

"एकटाच की. पण एका बाजूनं चालत होता. आपण कोणासाठी वाट सोडतो तसा."

मी वाकून काचेला डोळा लावला. उलटं गवत होतं, उलटी खुंटी होती. बूट नव्हता. मला वाईट वाटलं. बाबा वाचले आणि मला आईच्या बुटाचं वाईट वाटलं. इतकी मी तिथे बघून बघून वेडी झाले होते. मग दुर्बीण पेटीत घातली आणि घरी आले.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. ते विचारतही नाहीत. पण काल औषध देताना आपणहून म्हणाले, "मला वाटायचं ती येईल आणि माझ्याकडे बघेल, आणि मग मी काय करू? तिनं बघितलं गं. दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. मग हात खाली केला." मी म्हटलं, "हो बाबा." त्यांना कधीच वाटलं नव्हतं की तो तू होतास. मलाच वाटत होतं.

तुझ्यासाठी हे नीट लिहिते, कारण तू ते पत्र लिहीत होतास तेव्हाच हे घडत होतं. ती तुझ्या हाकेला आली नाही. आणि आता ती कोणाच्याच खुणेसाठी थांबली नाही. बाबांच्या नाही, माझ्या नाही, तुझ्याही नाही. बाबांना थंडीत उभं बघवलं नाही म्हणून आपणहून खुंटी सोडून गेली, आपल्या मापाची तिपाई लावली आणि त्यांना सोडवलं. त्यांना माफ करायचं की नाही हे तुझ्या हातात आहे असं आपण तिघेही धरून चाललो होतो. ते तिच्या हातात होतं, आणि तिनं करून टाकलं. आता बाबांना तुझ्या हाताची गरज उरलेली नाही. ते शेजारच्या खोलीत घोरत आहेत, ऐकू आलं असतं तर तुला हसू आलं असतं.

कड्यात आता उभा आहेस तो तू एकटा. तिकडे उंच मजल्यावर, गरम खोलीत, आरशासमोर, पण तिथेच. इतकी वर्षं हात वर धरून माणसाच्या खांद्याचं काय होत असेल मला माहीत आहे. मी बाबांचा चोळून दिलाय.

मी मोजणीतली नाही. माझ्या खुणेनं बाबा आले नव्हते, तू येशील असं मी धरून चालत नाही. पण मी तुझ्याहून मोठी आहे आणि या घरात आता उभी राहून बघणारी मीच आहे. हे लिहून झालं की खिडकीपाशी जाईन. बाहेर रस्त्यावर कोणी नसेल, शेजारीण म्हणेल हिला काय झालं. म्हणू दे. मी हात वर करीन, तू दिसतोस असं समजून बराच वेळ बघीन, आणि मग तो खाली करीन, पूर्ण, नीट.

झालं, बाळा. ये आता.

ताई